बाराचा भोंगा आणि हरकाम्या

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. आईच्या मते मी जन्मालाच मुठी आवळून आले. त्यामुळं पुढं कुणाविषयी दोन शब्द तिखट आले, तर तो दोष त्या माणसाचा नाही, माझ्या स्वभावाचा समजावा.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं मी कोल्हापुरात जावाचे प्रोग्रॅम लिहिले. पुण्याला गेलेल्या मैत्रिणी फोनवर विचारायच्या, "कोल्हापुरात कसलं गं सॉफ्टवेअर?" त्यांना वाटायचं, इथली माणसं नुसती जेवतात, कुस्त्या बघतात आणि उरलेल्या वेळात एकमेकांवर ओरडतात. यातलं तिसरं अगदीच खोटं नव्हतं. आमचं ऑफिस राजारामपुरीत होतं. खाली गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान, वर आम्ही. दोन खोल्या, सहा माणसं आणि सातवे सर. सर म्हणजे आमचे मालक. आधी ते पॉलिटेक्निकला शिकवायचे. नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग काढला होता, पण शिकवण्याची खोड गेली नव्हती. चहा पितानासुद्धा समोरच्याला एखादा प्रश्न घालायचे आणि उत्तर येईपर्यंत कप खाली ठेवायचे नाहीत.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एक साखर कारखाना होता. एसटीनं तासाभराच्या आतबाहेर. वाटेत डाव्या हाताला जोतिबाचा डोंगर दिसायचा आणि कारखाना यायच्या आधी मळीचा वास यायचा. त्याच्या शेतकी विभागाचा प्रोग्रॅम आमचा. ज्याला उसातलं काही ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. शेतकऱ्यानं ऊस लावला की लागणीची तारीख कारखान्यात नोंदवतात, आणि हंगाम सुरू झाला की त्या तारखांच्या क्रमानं तोड येते. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी. ऐकायला सोपं आहे. पण तोड महिनाभर लांबली की उभा ऊस वाळतो, वजन घटतं, रान वेळेत मोकळं होत नाही. या पाळीवरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद होतात. पाळ्या आता आमचा प्रोग्रॅम लावायचा. आधी लोक कारकुनाला शिव्या घालायचे, आता संगणकाला हात जोडायला लागले होते. मला यातलं दुसरं जास्त खटकायचं.

प्रोग्रॅममध्ये काही बारीकसारीक कामं सगळ्यांनाच लागतात. तारीख नीट मांडणं, मराठी अक्षर बिनचूक उमटवणं, आकड्यात स्वल्पविराम घालणं. प्रत्येकानं ती आपापली लिहीत बसण्यापेक्षा एकानं एकदा लिहायची आणि बाकीच्यांनी त्याला हाक मारायची. जावावाले त्याला हेल्पर क्लास म्हणतात. आमच्याकडं त्याचं नाव पडलं होतं हरकाम्या. लग्नघरात एक माणूस असतो ना, पाटही तोच मांडतो, मांडवातली बिघडलेली ट्यूबही तोच बघतो, तसला. तो सरांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता आणि सरांना त्याचा फार अभिमान.

त्या हरकाम्याकडं आणखी एक काम होतं. कुठलीही नोंद केली की ती कुणी केली त्याचं नाव तिच्यावर आपोआप चढायचं. हे नाव लागायचं प्रोग्रॅमच्या अगदी आतल्या कोपऱ्यात. तिथपर्यंत ते न्यायचं, तर दारापासून मधल्या प्रत्येकानं ते हातात घेऊन पुढच्याला द्यायला हवं. सरांना हा व्याप वाटला. त्यांनी हरकाम्याच्या भिंतीला एक खुंटी ठोकली. आत येणाऱ्यानं आपलं नाव खुंटीला अडकवायचं, ज्याला लागेल त्यानं खुंटीवरचं वाचायचं. सुटसुटीत काम. खुंटी एक आणि कारखान्यात बसणारी माणसं पंधरा, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. येणार कसं? आमच्या ऑफिसात प्रोग्रॅम तपासायला एका वेळी एकच माणूस बसायचा आणि नाव बरोबरच यायचं. मी तिथं लागले तेव्हा खुंटी ठोकून दोन हंगाम झाले होते.

त्या हंगामात एका सकाळी मी कुठल्याशा छपाईच्या कामासाठी कारखान्यात गेले होते. शेतकी विभागाचा लांबलचक हॉल. दारातच ऐकू आलं, शेतकी अधिकारी ओरडत होते. त्यांना सगळे शेतकीसाहेब म्हणायचे. त्यांचा आवाज साध्या बोलण्यातही रानातल्या माणसाला हाक मारल्यासारखा असायचा, पण आज तो वहिनींवर होता.

वहिनी म्हणजे तिथल्या एक कारकून. त्यांचे यजमान याच विभागात होते. कामावरून घरी जाताना अपघातात गेले, आणि त्यांच्या जागी कारखान्यानं यांना घेतलं. सगळ्यांच्या मित्राची बायको म्हणून सगळ्यांच्या वहिनी, वयानं मोठ्या असणाऱ्यांच्यासुद्धा. दोन मुली शाळेत. नोकरी अजून हंगामी होती. पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत त्यांना कायम करायचा विषय येणार, हे सगळ्या हॉलला माहीत होतं.

"हितं तुमचं नाव हाय, वहिनी! मी म्हणत न्हाय, संगणक म्हणतोय!"

झालं होतं असं. एका शेतकऱ्याची लागणीची तारीख कुणीतरी महिनाभर मागं नेली होती, आणि त्याचा ऊस बाकीच्यांच्या आधी तुटून कारखान्यात आलासुद्धा. बोंब झाली तेव्हा नोंद काढून बघितली. बदल करणाऱ्याच्या जागी वहिनींचं नाव. आणि कहर म्हणजे तो शेतकरी वहिनींच्या माहेरगावचा. मग काय, लोकांना दोनात दोन मिळवायला कितीसा वेळ लागतो?

"साहेब, त्या गावाचं काम माझ्याकडं न्हाईच. मी ती यादी उघडली बी न्हाय," वहिनी म्हणाल्या. "मी माझ्या जागंवर माझं काम करत बसलो होतो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना असंच म्हणतात, गेलो, बसलो. वहिनींचा आवाज चढला नव्हता. टेबलाची कड मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

तेवढ्यात शेतकीसाहेबांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "ह्या बघा, ज्यांनी केलाय त्याच आल्या. ओ मॅडम, सांगा की ह्यास्नी. संगणक खोटं बोलतो का?"

सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. वहिनीही. मी चोवीस वर्षांची होते आणि खरं सांगायचं तर मला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बघून सांगते." शेतकीसाहेब हसले. "आता बघायचं काय त्यात?" त्यांनी वहिनींना संगणकावरून उठवलं आणि आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. बैठकीपर्यंत कीबोर्डला हात लावायचा नाही. मग बैठकीत मंडळ काय ते ठरवेल. मंडळ काय ठरवणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून धुमसत होते. नावाची गोष्ट आली की मला तशीही जरा जास्तच झोंबते, त्याला कारण आहे. आमच्या आजोबांनी छप्पन्ननंतर धम्म घेतला तेव्हा जुनं नाव टाकून स्वतःला नवं नाव घेतलं. जुनं नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं होतं, हाक मारताच माणूस खाली बसावा असं. पुढं कितीतरी वर्षं गावातले लोक मुद्दाम जुन्याच नावानं हाक मारायचे. आजोबा वळून बघायचे नाहीत. काम अडलं, दुकानदारानं माल दिला नाही, तरी नाही. नव्या नावानं हाक आली की लगेच "जी" म्हणायचे. माणसाला दुसऱ्यानं भलतं नाव चिकटवणं आणि भलत्या कामाला माणसाचं नाव चिकटवणं, मला दोन्ही सारखंच वाटतं.

ऑफिसात येऊन मी हरकाम्या उघडला आणि वाचत सुटले. खुंटीपाशी आले आणि थांबले. एकानं नाव अडकवलं, आणि त्याची नोंद लिहून व्हायच्या आत दुसऱ्यानं येऊन आपलं अडकवलं, तर? पहिल्याच्या नोंदीवर दुसऱ्याचं नाव जाणार. मी सरांकडं गेले.

सरांनी कप हातात धरून ऐकून घेतलं. "दोन माणसं इतक्या नेमक्या वेळी? निमिषाचा खेळ आहे तो. दोन हंगाम चाललंय, कुणाची तक्रार नाही. तू दाखव, मग बोल."

मी आणि शेजारचा सहकारी दोन संगणकांवर बसलो. एक, दोन, तीन म्हणून एकदम कळ दाबायची. दुपारभर दाबली. त्याची नोंद त्याच्या नावावर, माझी माझ्या. आमचा हरकाम्या पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखा शहाण्यासारखा वागत होता. संध्याकाळी सर म्हणाले, "शंका घेणं चांगलं, पण शंकेवर गिऱ्हाइकाला घाबरवायचं नाही. आपणच आपल्या मालाला नावं ठेवली तर कारखाना उद्या दुसऱ्याला बोलावेल." मी म्हटलं, "आणि त्या बाईची नोकरी गेली तर?" मी माझी पर्स उचलून, दार जरा जोरात लावून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता पुन्हा कारखाना गाठला. काही सुचत नव्हतं, पण निदान जिथं झालं ती जागा बघावी. हॉलच्या एका कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले. कारकून आपापल्या गावांच्या याद्या भरत होते. प्रत्येकाला गावं वाटून दिलेली, एकाचं काम दुसरा बघत नाही. वहिनी आवक-जावकच्या टेबलावर टपालावर शिक्के मारत होत्या. आदल्या आठवड्यात त्यांच्याशी गप्पा मारणारी माणसं आता पलीकडून वळसा घालून जात होती. मला बघून त्यांनी विचारलं, "जेवलीस का, बाळ?" मला एकदम कसंतरी झालं. मी त्यांच्यासाठी काहीच केलेलं नव्हतं.

आणि बाराचा भोंगा झाला.

साखर कारखान्याचा भोंगा ज्यानं जवळून ऐकला नाही त्याला कळायचं नाही. खिडकीच्या काचा थरथरतात, बोलणं आपोआप थांबतं. बाराला पाळी बदलते आणि शेतकीवाल्यांची जेवायची सुट्टी होते. पण मी बघितलं ते दुसरंच. भोंगा सुरू होताच हॉलमधल्या प्रत्येकाचा उजवा हात पुढं गेला आणि सगळ्यांनी एका दमात कळ दाबली. जेवणाच्या डब्याकडं बघत, शेजाऱ्याशी बोलत, एकजण तर उभा राहून चपला पायात सरकवत. कुणाचं लक्ष हाताकडं नव्हतं. खाटखाट आवाज झाला आणि खुर्च्या सरकल्या.

मी वहिनींना विचारलं, "हे सगळे रोज असंच करतात?"

"सेव्ह व्हय? भोंग्यालाच करायचं असतंय की," त्या म्हणाल्या. "आधीचे संगणक होते तवा भोंगा झाला की लाईट जायची-यायची. पाळी बदलताना व्हायचं तसं. सेव्ह न्हाय केलं तर सकाळपासनं केल्यालं सगळं पाण्यात. आता न्हाय जात लाईट, पण हात जातोय."

मी उठून जवळच्या संगणकावर ती वादाची नोंद काढली. वेळ बघितली. बारा. मग त्या महिन्यातल्या बाराच्या सगळ्या नोंदी काढल्या. या गावाच्या नोंदीवर त्या गावाच्या कारकुनाचं नाव, त्याच्यावर तिसऱ्याचं. एका दिवशी पाच नोंदी एकाच माणसाच्या नावावर. आणि तो माणूस त्या दिवशी दुपारपर्यंत रजेवर, नेमका बाराला येऊन बसलेला. दोन हंगाम हे चाललं होतं आणि कुणाला दिसलं नव्हतं, कारण काम बरोबर असलं की ते कुणी केलं हे कोण कशाला बघतं? नाव बघतात ते भांडण झाल्यावर.

मी तिथूनच सरांना फोन लावला. सगळं एका दमात सांगून टाकलं. मी म्हटलं, "सर, आहात ना?" ते म्हणाले, "आहे. त्या खोलीत पंधरा माणसं एकदम कळ दाबतात, हे मी बघायला हवं होतं. दोनदा येऊन गेलो तिथं, दोन्ही वेळा साहेबांच्या केबिनमध्ये चहा पिऊन परत." मग म्हणाले, "खुंटी मी ठोकली. उद्या मी येतो. तू बोलू नकोस, मी बोलतो." माझा त्यांच्यावरचा राग तिथं संपला. राग यायला लागतो त्याहून कमी वेळ जायला लागतो, हा माझ्या स्वभावातला एवढाच एक गुण.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. कार्यकारी संचालकांना, म्हणजे एमडीसाहेबांना, त्यांनी सरळ सांगितलं की चूक आमच्या प्रोग्रॅमची आहे. एमडी शांत माणूस. त्यांनी शेतकीसाहेबांना बोलावून घेतलं. शेतकीसाहेब उसळले. "वा! म्हंजे बाईचा बचाव करायला आता संगणकच खोटा पाडायचा? दाखवा की मग!"

मी म्हटलं, दाखवते. हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं. वहिनींना त्यांच्या जुन्या जागेवर. शेतकीसाहेब एका संगणकावर, एमडीसाहेब स्वतः एकावर. प्रत्येकानं शेऱ्याच्या रकान्यात आपलं नाव टाइप करायचं आणि मी "हं" म्हटलं की कळ दाबायची. मग मशीननं चढवलेलं नाव आणि माणसानं लिहिलेलं नाव ताडून बघायचं. सोपं.

मी म्हटलं, "हं!"

सगळी नावं बरोबर आली. एकूण एक.

"परत," मी म्हटलं. परत बरोबर. शेतकीसाहेबांनी खुर्चीत मागं रेलून मिशीवरून हात फिरवला. सरांनी माझ्याकडं बघितलं. वहिनी समोरच्या पडद्याकडं बघत होत्या, दुसरीकडं कुठं नाही. खोटं ठरण्याची भीती नव्हती, मी खरी होते हे मला माहीत होतं. भीती ही, की या बाईला मी आशा लावली होती आणि आता सगळ्यांच्या देखत ती मोडत होते.

तिसऱ्यांदा मी "हं" म्हटलं आणि पडद्यांकडं न बघता माणसांकडं बघितलं, तेव्हा कळलं. कुणी दाबतच नव्हतं! एमडीसाहेब बसलेत म्हटल्यावर आधी साहेबांनी दाबायचं, मग शेतकीसाहेबांनी, मग हेडक्लार्कनी, मग बाकीच्यांनी. पंगतीत मोठ्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी हात लावत नाही, तसं चाललं होतं. ओळीनं, मानानं, एकेक. असल्या शिस्तीत खुंटीवर गर्दी व्हायची कशी? मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

घड्याळात बाराला थोडा वेळ उरला होता. मी एमडीसाहेबांना म्हटलं, "साहेब, आता मी काही म्हणणार नाही. सगळ्यांनी परत नावं टाइप करून आपलं रोजचं काम करत बसावं. तुम्ही मात्र उठून माझ्याजवळ उभे राहा." असं मी कार्यकारी संचालकांना सांगितलं, हे आठवून आजही घाम फुटतो. ते उठले आणि येऊन उभे राहिले. शेतकीसाहेब बसूनच होते.

भोंगा झाला. आणि मग साहेब नाही, मान नाही, काही नाही. पंधरा हात आपोआप पुढं गेले. शेतकीसाहेबांचाही. तेही याच हॉलमध्ये कारकून म्हणून लागले होते, त्यांच्या हातालाही तीच सवय.

मी पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला. निम्म्याहून जास्त नावं इकडची तिकडं झाली होती. एमडीसाहेब बोट फिरवत एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागले. एका ओळीत शेऱ्यात वहिनींचं नाव टाइप केलेलं, आणि नोंद करणारा म्हणून मशीननं चढवलेलं नाव शेतकीसाहेबांचं. एमडीसाहेब तिथं थांबले. "हे तुम्ही केलंय?" त्यांनी शेतकीसाहेबांना विचारलं. हॉलमध्ये कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. शेतकीसाहेब म्हणाले, "मी? मी तर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. वहिनींनी दोन-तीन दिवसांपूर्वी म्हटलेलं वाक्यच त्यांच्या तोंडात आलं असणार.

दुरुस्ती करायला मात्र घाम गाळावा लागला. मी आधी खुंटीला कुलूप घातलं, एक आत असेल तर दुसऱ्यानं दारात थांबायचं. भोंग्याला सगळे रांगेत अडकले, पडदे गोठले आणि फोनवर ज्या शिव्या आल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. मग खुंटीच काढली आणि सर्व्हरमध्ये, म्हणजे सगळ्यांची कामं उरकणाऱ्या मुख्य संगणकात, एकाच वेळी राबणाऱ्या प्रत्येक हाताला स्वतंत्र खिसा दिला, ज्याचं नाव त्याच्याच खिशात. तरी अधूनमधून जुनी नावं उगवायला लागली, कारण तेच हात पुन्हा पुन्हा कामाला येतात आणि खिशात मागच्याचं नाव तसंच राहिलेलं. तेव्हा सर म्हणाले, "काम संपलं की खिसा उलटा करून झटकायचा, हे लिहिलंस का?" नव्हतं लिहिलं. ते लिहिलं आणि मग भोंग्यालाही नावं जागच्या जागी बसली. ती तारीख खरोखर कुणी बदलली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या गावाचा कारकून त्या दिवशी रजेवर होता, आणि त्याची यादी कुणालाही उघडता येत होती. मशीनला ते सांगता येत नव्हतं आणि माणसांतलं कुणी सांगायला पुढं आलं नाही.

दुरुस्त प्रोग्रॅम चालू झाला त्या दिवशी सर आणि मी हजर होतो. बारा वाजून गेले, नावं तपासली, सगळं चोख. एमडीसाहेबांनी वहिनींना बोलावलं. म्हणाले, तुमच्यावरचा ठपका गेला, कायम करायचा विषय बैठकीत ठरल्याप्रमाणं येईल, बसा तुमच्या जागेवर. शेतकीसाहेबही खाली बघत म्हणाले, "मिटलं, वहिनी. बसा."

वहिनी बसल्या नाहीत.

"हॉलात मिटलं, साहेब," त्या म्हणाल्या. "माझ्या गावात न्हाय मिटलं. माहेरात न्हाय. माझ्या पोरींना शाळंत इचारत्यात, तुझ्या आईनं कुणाचा ऊस आधी आणला म्हणून."

"मग काय करूया म्हणता?" एमडीसाहेबांनी विचारलं.

"बाहेर वजनकाट्यावर माईक हाय. गाड्यांचे नंबर पुकारत्यात तो. शेतकीसाहेबांनी त्याच्यावरनं सांगावं. गाडीवाले गावागावांतनं आल्यात, ते नेतील घरोघर."

शेतकीसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आवो वहिनी, माईकवरनं? हितं नोटीस लावू की बोर्डावर..."

"नोटीस कोण वाचतंय? मला म्हणलासा तवा नोटीस लावली न्हवती. मोठ्यानं म्हणलासा."

एमडीसाहेबांनी शेतकीसाहेबांकडं नुसतं बघितलं. शेतकीसाहेब उठले. आम्ही सगळे मागोमाग बाहेर आलो. दुपारचं रणरणतं ऊन, आवारात उसानं भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दाटीवाटीनं उभे. काट्यावरच्या माणसानं माईक दिला. शेतकीसाहेबांनी वहिनींचं पूर्ण नाव घेतलं, नवऱ्याच्या नावासकट, आणि भराभरा म्हणाले की काही तांत्रिक कारणामुळं यांचं नाव एका प्रकरणात आलं होतं, त्यांचा त्यात काही संबंध नाही. माईक परत द्यायला त्यांनी हात पुढं केला.

वहिनी काट्याच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "परत एकदा म्हणा, साहेब. मागच्या गाड्यांस्नी ऐकू गेलं न्हाय. आणि नाव आपोआप आलं असं म्हणू नका. आपोआप कुणी मला जागंवरनं उठवलं न्हाय."

काट्यावरचा माणूस खाली बघायला लागला. शेतकीसाहेबांनी माईक परत तोंडाशी धरला. कर्ण्यातून त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. गाडीवाल्यांपैकी काहीजण जुवाशेजारी उभे राहून वर बघायला लागले. मग शेतकीसाहेब सावकाश बोलले, प्रत्येक शब्द वेगळा. त्यांनी पुन्हा वहिनींचं पूर्ण नाव घेतलं. मग स्वतःचं घेतलं. म्हणाले, "ह्या बाईवर मी आळ घेतला हुता. तो खोटा हुता."

मग मागच्या कुठल्याशा गाडीवरून एक म्हातारा ओरडला, "आलं ऐकू! आता नंबर घ्या की फुडचा!"

वहिनींनी पदर खांद्यावर सारखा केला आणि हॉलकडं चालायला लागल्या. जाताना मला म्हणाल्या, "चल बाळ, काम पडलंय." मला त्यांच्याबरोबर जाता आलं नाही. मी सरांच्या देखत, त्या सगळ्या गाड्यांच्या देखत, उसाच्या एका मोळीला धरून रडत उभी होते. आजोबा गेले त्या दिवशीही मी अशी रडले नव्हते.